गावपळणीतलं पाऊल

मोंडवे बंदराच्या परिसरात गाडीची वाट पाहणं आता कोणाला आठवतही नाही. घरातून निघा, रस्त्याला लागा. तुम्ही तिठ्यावर पोचेपर्यंत बिनचालकाची आठ आसनांची गाडी दार उघडून उभी असते. हात करायला नको, फोन काढायला नको. लग्न होऊन नव्या आलेल्या सुना सुरुवातीला दचकतात आणि ‘आपण निघालो हे हिला कोणी सांगितलं?’ म्हणून नवऱ्याकडे बघतात. नवराही सगळं स्वतःच जमवून आणल्यासारखा चेहरा करतो.

सांगतो तो रस्ता. मी, शलाका घाडी, बंदराच्या वाहतूक कक्षात कामाला आहे, म्हणून मला ते ठाऊक.

रस्त्यांखालून आणि रुळांच्या कडेने इंटरनेटची काचतंतूची केबल गेली आहे. तिच्या एका टोकाकडून लेसरचे स्पंद सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी वाटेत जागोजागी थोडा प्रकाश विखरून उलटा येतो. वर कोणी चाललं की जमीन हलते, जमीन हलली की तंतू अगदी नकळत ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात तेवढाच फरक पडतो. प्रकाशाला परतायला किती वेळ लागला त्यावरून हालचाल कुठे झाली ते कळतं आणि हालचालीच्या ठेक्यावरून कोण चाललंय ते. ट्रक वेगळा, रेडा वेगळा, माणूस वेगळा. हे ओळखणाऱ्या यंत्रणेचं नाव ‘पाऊल’. तिला माणसाचं नाव कळत नाही, कायद्याने ते कळू दिलेलं नाही. माणूस आहे एवढंच ती सांगते.

गाड्या आपोआप येऊ लागल्या तेव्हा लोक खूश झाले. पण ऐकणारा रस्ता हाती आल्यावर त्याचा उपयोग तेवढ्यावर थांबणार नव्हता. बंदर वाढत होतं. खताचा कारखाना, कंटेनरचं आगार, अमोनियाचे टँकर, सगळ्यांना रस्ते कमी पडत होते. जमिनी गेल्यामुळे कितीतरी वाड्या उठून गेल्या होत्या आणि तरी त्यांचे पुढारी ‘आमचं गाव नांदतंय’ म्हणून गाड्या अडवून बसले होते. तेव्हा नियम झाला की कोणाच्या तोंडचं काही धरायचं नाही, पावलं धरायची. ज्या वस्तीत तीन दिवस आणि तीन रात्री एकही मानवी पाऊल पडणार नाही ती उठली असं समजायचं आणि तिचा रस्ता मालाला द्यायचा. एकदा दिलेला रस्ता परत घ्यायचा नाही.

जिवंत गाव तीन दिवस गप्प बसत नाही, असं नियम करणाऱ्यांना वाटलं. त्यांना वेडं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना आमचं बाणखोल माहीत नव्हतं, एवढंच.

बाणखोलात दर चार-पाच वर्षांनी गावपळण होते. देवाने कौल दिला की सगळा गाव घरं उघडी टाकून शिवेबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या-कुत्रीसुद्धा जातात. ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्या घालून तीन दिवस, तीन रात्री राहायचं. तेवढा वेळ गाव देवाचा. शिवेच्या आत माणसाचं पाऊल पडता कामा नये, मग तो गावचा असो की परका. कौल म्हणजे पाषाणावर चिकटवलेली फुलाची पाकळी. ती उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. देवाला विचारायचं आणि गाऱ्हाणं घालायचं काम आमच्या घराण्याकडे, म्हणजे माझ्या बाबांकडे, गुणाजी घाड्यांकडे.

मागची पळण झाली तेव्हा ‘पाऊल’ आलेलं नव्हतं. यंदा मार्गशीर्षात पाकळी उजवी पडली आणि मी कपाळाला हात लावला. बाणखोलला बंदराच्या वसाहतीशी जोडणारा खाडीवरचा पूल एकच. कारखान्याचा त्यावर कधीपासून डोळा होता.

आणि त्या पुलावरून माझी आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येते. घरी करायची यंत्रं निघाली आहेत, पण तिच्या प्रकृतीला ती चालत नाहीत. पुलावरून यायला तिला एक डुलकीही पुरी होत नाही. पूल गेला तर महामार्गावरून मोठा वळसा. तेवढा प्रवास जाताना आणि येताना तिच्याने होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मी वाडेकर साहेबांकडे गेले. माणूस चांगला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“नियम मोडायचा अधिकार मलाही नाही, घाडी,” ते म्हणाले. “पण पाळायला काय कठीण आहे? एक माणूस पाठव. देवळापर्यंत चालून येऊ दे. देवाला काय कळणार?”

“देवाचं ठाऊक नाही सर, गावाला कळेल. शांतता कशामुळे मोडली ते तुम्हीच जाहीर सूचनेत छापता.”

साहेब हसले, पण सूचनेचा मसुदा बदलणं त्यांच्याही हातात नव्हतं.

मी बाबांना फोन लावला. “बाबा, एक माणूस गावात ऱ्हवलो तर चलात?”

“मी कोण सांगणारो? इचारतंय देवाक,” बाबा म्हणाले.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. “डावी पडली गो. परत लावलंय, परत डावी.”

“मगे पूल जातलो.”

बाबा म्हणाले, “जातलो तर जातलो. तुझ्या आवशीक तू ने तुझ्याकडे.” आणि फोन ठेवला.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. वसाहतीत सातव्या मजल्यावर मी एकटी राहते. लग्न जमलं होतं, मोडलं. आईने माझ्याकडे येऊन राहावं म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. इस्पितळ हाकेच्या अंतरावर, लिफ्ट आहे, गॅलरीतून खाडी दिसते. ती दर वेळी ‘बघूया’ म्हणायची. आईच्या ‘बघूया’चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. आता तिचं ‘बघूया’ चालणार नव्हतं. पूल वाचवायला मी आणखी धडपडले असते का? असते बहुतेक. पण तितकी नाही.

गावपळणीचे तीन दिवस आईने माझ्याकडे राहायचं ठरलं, कारण मधल्या दिवशी डायलिसिस होतं. ती आली ती शहाळी, सुके बांगडे आणि स्वतःची उशी घेऊन. पहिल्या दिवशी तिने माझी स्वच्छ शेगडी पुन्हा घासली. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून आल्यावर ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि पलीकडचा किनारा बघत राहिली.

“कसा वाटता हय?” मी विचारलं.

“बरा आसा. तुझी लादी बरी थंड.”

“मगे ऱ्हव ना.”

“बघूया,” आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर होते. भिंतभर पसरलेल्या पडद्यावर सगळा बंदर परिसर लुकलुकत होता. रेल्वेच्या फाट्यावर खनिजाच्या वाघिणी सरकत होत्या, महामार्गावर कंटेनरची रांग होती आणि वसाहतीत पावलांची नुसती झिम्मड होती. फक्त खाडीपलीकडे बाणखोलच्या जागी काळं. दोन दिवस तिथे ठिपका उमटला नव्हता. वानरं फिरली असतील, पण ती झाडावरून. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझी नजर पुन्हा पुन्हा तिथेच जायची.

आणि मग तिथे ठिपका उमटला. गावाच्या टोकाला नाही, मध्येच, घाडीवाडीच्या वळणावर, आमच्या घरासमोर. पायवाटांखाली केबल नाही, त्यामुळे तो आला कुठून ते कळायला मार्ग नव्हता. तो देवळाकडे निघाला. एक पाऊल जड, एक हलकं, मग काहीतरी टणक. पुन्हा जड, हलकं, टणक. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू. देवळाच्या अलीकडे तो वळला, आमच्या घरापर्यंत परत आला आणि नाहीसा झाला.

यंत्रणेने विचारलं : ओळख अनिश्चित. माणूस की जनावर? कक्षाने सायंकाळी सहाच्या आत ठरवावे.

‘पाऊल’ला शंका आली की ते माणसाला विचारतं. तीन ठेक्यांचं चालणं त्याला उमगलं नव्हतं. मला उमगलं. माडावरून पडल्यापासून बाबा काठी घेऊन चालतात. उजवा पाय जड, डावा हलका, मग काठी.

मी खुर्चीत बसून राहिले. माणूस लिहिलं तर पूल राहणार, पण गावपळण मोडली हे सूचनेत छापून येणार, आणि मोडली कोणी हे गाव दिवसाभरात हुडकून काढणार. ज्या तोंडाने देवाला विचारलं त्याच माणसाने देवाचं मोडलं म्हटल्यावर बाबांना गावात मान वर करता आली नसती. जनावर लिहिलं तर बाबा सुटले, पूल गेला आणि आई माझ्याकडे आली. मला हवं ते सगळं एका शब्दात मिळत होतं, आणि म्हणूनच तो शब्द लिहायला हात धजेना.

मी अर्धी रजा टाकली आणि माळावर गेले. गावातून जायचं नव्हतं, म्हणून महामार्गाने. गाडी मालाच्या रांगेच्या बाजूने चालली होती. आईला या रस्त्याने आणायचं म्हणजे काय ते त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतः मोजलं.

माळावर जत्रा भरल्यासारखं होतं. पोरं हुंदडत होती, बायका तीन दगडांच्या चुलींवर भात शिजवत होत्या, गुरं दावणीला होती. बाबा झोपडीपुढे झावळी विणत बसले होते.

“काय गो, कामार नाय?” त्यांनी विचारलं. “आवशी कशी आसा?”

“बरी आसा. बाबा, तुम्ही सकाळी गावात गेल्लात?”

त्यांचे हात थांबले. “कोण म्हणता?”

“रस्तो म्हणता.”

“रस्त्याक सांग, गुणो घाडी सकाळपासून हयच बसलो आसा. इचार खंयच्याय झोपडीत.” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. “तुका खरा वाटला, मी गेलंय म्हणान?”

मी मान खाली घातली. बापावर असला आळ घेतल्याचं वाईट वाटत होतं आणि तो खोटा निघाल्याचं, आईसाठीही ते गेले नव्हते याचं, त्याहून वाईट.

“लाजा नको,” ते म्हणाले. “काल रात्री मी उठान शिवेपर्यंत गेल्लंय. ओढ्यार हुबो ऱ्हवलंय. म्हटला, पाच पावलां घालूची आणि मागे येवचा, पूल वाचलो. नाय जमला. माझ्या बापाशीन आणि तेच्या बापाशीन जो ओढो राखल्यानी, तो माझ्या पायान कसो मोडतलो?”

“आणि आई?”

“ती तुझ्याकडे सुखान ऱ्हवतली.” त्यांनी झावळी पुन्हा हातात घेतली, पण विणली नाही. “सकाळी उठान मी चाय कोणासाठी करतलंय, ताच फक्त कळणा नाय.”

माझे बाबा असलं कधी बोलत नाहीत. मी त्यांच्याजवळ बसले, चुलीवरचा भात खाल्ला आणि निघाले.

परतताना डोक्यात एकच घोळत होतं : बाबा नाहीत, तर मग कोण? आमच्या घरापासून निघून आमच्या घराशी थांबणारं दुसरं कोण असणार? वसाहतीत पोचेपर्यंत मला ते कळून चुकलं होतं. दार उघडलं तर लादी पुसायच्या फडक्याचा दांडा कोपऱ्यात उभा होता. फडकं काढून ठेवलेलं आणि दांड्याच्या टोकाला ओली तांबडी माती. वसाहतीत तांबडी माती औषधालाही नाही, सगळीकडे काँक्रीट.

आई गॅलरीत पाय पसरून बसली होती. पावलं सुजली होती, एक जरा जास्तच.

“आये, खंय गेल्लंस?”

“घराक,” ती म्हणाली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही.

“कशी गेलंस?”

“सोनू तांडेलाच्या होडयेतून. धक्क्यार जाळी साफ करी होतो. म्हटला, माका खाजणाच्या बांधार सोड. बिचाऱ्यान काय्येक इचारल्यान नाय. तुझो रस्तो होडी आयकणा नाय मां?”

“नाय आयकणा.” मी तिच्यासमोर खाली बसले. काल डायलिसिस झालेली बाई आज होडीत चढली, बांधावरून चालली, देवळाकडे गेली. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. “वाटेत पडलंस असतंस म्हणजे? आख्ख्या गावात हाक मारूक माणूस नाय! आणि पळण, आये? बाबांचो देव तो!”

“देव घाड्यांचो. मी तेंच्या घरची सून. सगळ्यांसाठी कौल लावल्यानी, माझ्यासाठी कोणी लावलो? माका खंय ऱ्हवाचा आसा ता देवाकय कोणी सांगूक नाय आणि माकाय कोणी इचारूक नाय.” तिने पलीकडच्या किनाऱ्याकडे बघितलं. “देवळापर्यंत जात होतंय. तेका सांगूचा होता, बाबा रे, माझा असा असा आसा. पण आत जावचा धाडस झाला नाय. भायरसून हात जोडलंय आणि मागे फिरलंय.”

“पुलासाठी गेलंस ना?” मी विचारलं. मला तेच ऐकायचं होतं. गावासाठी, पुलासाठी.

आईने माझा हात हातात घेतला. तिचा हात थंडगार होता.

“रागावा नको हां. तुझ्याकडे येवक लागू नये म्हणान गेलंय.”

सगळ्या गावात, सगळ्या आयुष्यात मला कोणी इतकं साधं आणि इतकं लागणारं बोललं नव्हतं. मी हात काढून घेणार होते, पण तिने सोडला नाही.

“तुझा घर वायट नाय,” ती म्हणाली. “तू माझा चेडू, तुझ्या घराक मी नावां कशाक ठेवतलंय? पण हय मी फकत दुखणेकरी. सकाळी उठलंय की तू माझे पाय बघतंस, पाणी मोजतंस. थंय माझी कोंबडी आसत, शेजारीण भांडता, तुझो बापूस चाय करता आणि साखर जास्त घालता. थंय मी सुगंधा. जितक्या ऱ्हवला आसा तितक्या थंय ऱ्हवांदे.”

मी रडले. तिनेही मला रडू दिलं. मग तीच म्हणाली, “तुझो रस्तो काय म्हणता?”

“माणूस की जनावर, असा इचारता. सहाच्या आत लिवक व्हया.”

आईला हसू आलं. “मगे? आवशीक काय लिवतलंस?”

“गावाक कळतला, आये. सूचना छापतत. सगळे बाबांकडे बोट दाखवतले.”

“दाखवूक मी देतलंय?” ती म्हणाली. “जा तू. सहा वाजतीत.”

मी कक्षात गेले आणि ‘माणूस’ लिहिलं. पडद्यावर पुलाचा पट्टा पुन्हा हिरवा झाला. सूचना निघाली : बाणखोल वस्तीत तिसऱ्या दिवशी मानवी पाऊल आढळले, पूल प्रवाशांकडे कायम. वाडेकर साहेबांनी येऊन माझी पाठ थोपटली. त्यांना वाटलं मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी गाव परतला. मी आईला घेऊन पुलावरून गेले. देवळापुढे सगळे जमले होते, आणि पळणीहून परतताना जो हास्यविनोद असतो तो नव्हता. सूचना सगळ्यांनी वाचली होती. पूल राहिला याचा आनंद झाला होता आणि तो दाखवायची चोरी होती. जो तो दुसऱ्याच्या पायांकडे बघत होता. बाबांच्या काठीकडे तर जरा जास्तच.

आई गाडीतून उतरली, गर्दीतून सरळ बाबांपाशी गेली आणि त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. चार लोकांत नवऱ्याच्या इतक्या जवळ उभं राहिलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी ऐकलं. ते देवळाच्या पायरीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ बसून राहिले. मग टोपी घातली, उठले आणि देवासमोर उभे राहून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! तुझ्या हुकमान गाव भायर पडलो, तुझ्या हुकमान परत इलो!”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक मागण्याला गावाने असा होकार द्यायचा असतो. होकार आला की ते मागणं सगळ्या गावाचं होतं.

“गुराढोरांक, पोराटोरांक, दर्यात जाणाऱ्यांक सांभाळ!”

“व्हय म्हाराजा!”

बाबा थांबले. काठीवरची मूठ त्यांनी घट्ट केली.

“माझ्या घरच्या माणसान, माझ्या बायलेन, तुझी शीव मोडल्यान.”

आई पदर सावरून ताठ उभी होती.

“जो काय दोष लागात, तो माझ्या माथ्यार घाल. उद्यापासून गाऱ्हाणा घालूचो मान दुसऱ्याक दी. पण म्हाराजा...” त्यांचा आवाज फुटला. “पण तिका तिच्या घरातच ऱ्हवांदे!”

रस्त्यापलीकडच्या खाडीत बार्जचा भोंगा वाजला आणि थांबला. म्हातारे एकमेकांकडे बघत होते. होकार पहिला कोणी द्यायचा? शीव मोडणारीसाठी मागितलेलं मागणं आपलं कोणी म्हणायचं? बाबा पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

बाया गाऱ्हाण्याला होकार देत नाहीत. मी तर गावात राहतही नाही. आणि या मागण्याला होकार देणं म्हणजे काय गमावणं, ते त्या देवळात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

“व्हय म्हाराजा!” मी म्हणाले.

आईने वळून माझ्याकडे बघितलं. मग सगळा गाव म्हणाला.